डोकं तेवढं माघारी द्या

कबनूरला आमच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे आणि तिच्यात चटणी कांडायचा डंक आहे. डंक म्हणजे मोटारीवर चालणारी लोखंडी मुसळं. एक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि उखळातल्या मिरचीचा भुगा होतो. उन्हाळा लागला की गल्लीतल्या, यंत्रमागाच्या शेडांमागे राहणाऱ्या, इचलकरंजीतल्यासुद्धा बायका वर्षाची चटणी करून घ्यायला डबे घेऊन येतात. हा डंक माझी बायको चालवते. मी हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो. तिच्या धंद्यात माझा वाटा फक्त शिंकांचा.

चटणी कांडायला अक्कल लागत नाही असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटत होतं. मग एकदा सुट्टीत तिच्याजवळ बसून राहिलो. कुणाच्या घरात लवंगी चालत नाही, कुणाला खोबरं बेताचं लागतं, कुठल्या सासूला पोटाचा त्रास म्हणून धने जास्त आणि कुठल्या सुनेनं सासूला न सांगता ब्याडगी वाढवायला सांगितली आहे, हे सगळं ती तोंडानं दुसरंच काही बोलत असताना करत होती. गल्लीतल्या कितीतरी घरांच्या जिभा या बाईनं डोक्यात ठेवल्या आहेत, हे त्या दिवशी मला कळलं. मुलांना नद्या पाठ करायला लावणारा मी, मला स्वतःच्या भावाचा फोन नंबर पाठ नाही.

छातीत दुखायला लागलं तेव्हा तिनं ते मिरचीच्या ठसक्यावर ढकललं. मग मिरचीची पाटी उचलून डंकापर्यंत नेताना मधेच टेकावं लागायला लागलं. विचारलं की म्हणायची, "दमलोय जरा." आमच्याकडच्या बायका 'आलो, गेलो, दमलो'च म्हणतात. पित्ताच्या गोळ्या झाल्या, ओवा झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून उपाशीपोटी लसूणही झाला. शेवटी कोल्हापूरला दिलेली आमची मुलगी आली, आईकडे एकदा बघितलं आणि गाडीत घालून कोल्हापूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद होत आलेल्या सापडल्या. बायपास करावी लागेल म्हणाले.

बायको हे ऐकून घाबरली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. घाबरली ती दुसऱ्याच गोष्टीला. आमच्या मागच्या गल्लीत एक माग चालवणारा गृहस्थ होता. फार वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली होती. हृदय उत्तम झालं, पण तो शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात त्याचा राहिला नव्हता आणि बोलताना शब्द जागेवर सापडत नव्हते. त्याची बायको डंकावर येऊन बसायची आणि काही न बोलता लसूण सोलत राहायची. माझ्या बायकोनं ते सगळं बघितलं होतं. ऑपरेशनमध्ये माणूस जातो याची भीती तिला नव्हती, माणूस राहतो आणि डोकं जातं याची होती.

सर्जन गडहिंग्लजकडचे होते. बोलणं मोकळं, आवाज मोठा. त्यांनी संमतीचा कागद पुढं केला तेव्हा हिनं हात मागं घेतला.

"छातीचं तुमी काय करायचं ते करा," ती म्हणाली. "त्यातलं मी काय इचारत न्हाई. पर डोकं तेवढं हाय तसं माघारी द्या. देणार असलासा तर सही करतो."

"अगं, डॉक्टरांना काय अटी घालतेस?" मी म्हणालो.

"तुमी गप बसा. तुमचं डोकं न्हाई जायाचं."

मला वाटलं सर्जन हसून विषय बदलतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली. "मावशी, बरोबर इचारलंसा," ते म्हणाले. "शब्द मी देत न्हाई, कुणीच देऊ शकत न्हाई. पण धोका जितका कमी करता येतो तितका करायचा, हे माझं काम हाय. आधी धोका कुठनं येतो ते ऐका."

मग त्यांनी विचारलं, घरी पाणी तापवायला बंब आहे का. आहे म्हणाली. त्याच्या आत खार धरतो का? धरतो की. बंबाला बाहेरून ठोकलं तर काय होतं? आतला खार सुटतो आणि पाण्यात येतो. तसंच आहे म्हणाले. हृदयातून जी मुख्य रक्तवाहिनी निघते, तिच्या आतही वयानं, साखरेनं, तंबाखूनं असा थर धरतो. नेहमीच्या पद्धतीत तिथंच चिमटा लावावा लागतो, तिथंच नळी घालावी लागते. थराचा कपचा सुटला तर तो रक्ताबरोबर वर जातो, आणि वर काय आहे हे सांगायला नको. म्हणून आधी मानेच्या रक्तवाहिन्या सोनोग्राफीनं बघायच्या, मुख्य रक्तवाहिनीचा फोटो काढायचा आणि मगच कसं कापायचं ते ठरवायचं.

मी तेहतीस वर्षं वर्गात उभा राहिलो आहे. समोरच्या माणसाला कळलं की नाही हे मला चेहऱ्यावरून समजतं. बायकोच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी जे दिसलं ते माझ्या वर्गात फार थोड्या वेळा दिसलं होतं. या माणसाचे उपकार मी तेव्हाच मानले, ऑपरेशन व्हायच्या आधी.

अडचण निघाली ती तंबाखूवर. व्यसन काही आहे का, असं त्यांनी विचारलं आणि हिनं ठामपणे नाही म्हणून सांगितलं.

"आई, मिश्री?" मुलगी म्हणाली.

"ती काय व्यसन हाय व्हय? दात घासतो मी त्येनं."

"दिवसातनं किती वेळा?" सर्जननी विचारलं.

बायको खिडकीकडं बघायला लागली. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी म्हटलं नव्हतं. ती त्याच दिवशी बंद झाली. साखरही वाढलेली होती. "हृदय दोन आठवडे थांबायला तयार हाय," सर्जन म्हणाले, "तोवर साखर ताळ्यावर आणू. वर गेलेली साखर मेंदूला चालत न्हाई." ते दोन आठवडे आमच्या घरात मिश्री नव्हती, साखर नव्हती आणि शांतताही नव्हती. भाजीत मीठ कमी म्हणून मी एकदा तोंड वाकडं केलं, तर ताट समोरून उचललं गेलं.

तपासण्या झाल्या. मानेच्या रक्तवाहिन्या बऱ्या निघाल्या. पण मुख्य रक्तवाहिनीत, नेमका जिथं चिमटा लागतो तिथं, कडक थर होता. सर्जननी पडद्यावर पांढरे ठिपके दाखवले आणि म्हणाले, आता ठरलं. या रक्तवाहिनीला हातच लावायचा नाही. हृदय थांबवायचं नाही, रक्त फिरवणारं मशीन जोडायचं नाही. छातीच्या आतल्या बाजूच्या आणि हाताच्या रक्तवाहिन्या घेऊन त्या एकमेकींना जोडायच्या आणि धडधडत्या हृदयावरच शिवायच्या.

"म्हंजे चालू डंकात हात घालायचा," बायको म्हणाली.

"व्हय. पण शिवायचं तेवढी जागा आमी धरून ठेवतो."

"जमतं न्हवं तुमाला?"

"मावशी, मला एवढंच जमतं," सर्जन म्हणाले. तिनं सही केली. आमच्या मुलीनं बाहेर आल्यावर फोनवर काहीतरी शोधायला घेतलं, तेव्हा मी तिच्या हातातला फोन काढून खिशात टाकला. समजावून सांगणारा माणूस भेटला असताना आणखी दहा जणांना विचारत बसण्याची सवय मला आवडत नाही.

आदल्या दिवशी दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. वयानं माझ्या विद्यार्थिनींसारख्या, पण बोलणं असं की मीच सरळ बसलो. कपाळावर दोन बाजूंना पट्ट्या चिकटवणार आहोत, त्यातून मेंदूला प्राणवायू किती पोचतोय ते ऑपरेशनभर दिसत राहील, आकडा उतरायला लागला की मी लगेच रक्तदाब सावरीन, सर्जनना हात थांबवायला सांगीन, असं त्यांनी सांगितलं. हृदय वर उचलून मागच्या बाजूला शिवताना दाब उतरतो म्हणे. तेवढ्या वेळात डोळ्यात तेल घालून बसायचं, हे त्यांचं काम.

"कपाळाला पट्ट्या म्हंजे कुंकू पुसायचं?" बायकोनं विचारलं.

"पुसावं लागेल, काकू. कुंकवाची पूड पसरली की पट्ट्या चिकटत नाहीत."

मला ते तसलं काही पटत नाही, पण त्या क्षणी नको म्हणावंसं मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. बायकोनं दोन भुवयांच्या मधे बोट ठेवलं. तिथं लहानपणी जत्रेत गोंदलेला हिरवा ठिपका आहे. "आन् हे? हे पुसणार न्हाई न्हवं?"

"ते राहू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मधली जागा आम्हाला नकोच असते. आम्ही दोन्हीकडंच लावतो."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

जाताना डॉक्टरबाईंनी विचारलं, चष्मा आहे का, ऐकू नीट येतं का, रात्री झोप कशी लागते. चष्मा घरी नेऊ नका म्हणाल्या. आपल्याकडं दागिन्याबरोबर चष्माही सांभाळून घरी नेऊन ठेवतात आणि मग शुद्धीवर आलेल्या माणसाला समोर कोण आहे तेच दिसत नाही. गोंधळलेल्या मेंदूला आधी दिसलं पाहिजे, ऐकू आलं पाहिजे आणि झोप मिळाली पाहिजे. मी मुलीकडं बघितलं. चष्मा मंगळसूत्राबरोबर रुमालात बांधून तिच्या पर्समध्ये गेलेलाच होता. तिनं तो मुकाट्यानं काढून दिला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून आम्ही बाकावर बसलो होतो. मी देवाचं फारसं करत नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्या घाटांची नावं म्हणत बसलो, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, असं वरून खाली आणि खालून वर. दुपार कलल्यावर सर्जन आले. टोपी काढली तर केस घामानं चिकटलेले होते. "हृदयाचं काम चांगलं झालं," ते म्हणाले. "आकडा एकदा उतरला हुता, लगेच सावरला. आता डोक्याचं त्या उठल्या की कळंल." गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी ते केलं नाही याबद्दल मला राग आला, आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच कारणासाठी त्यांचा हात धरावासा वाटला.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. नळ्या होत्या, बोलता येत नव्हतं. डावा हात वर करा म्हटलं, केला. उजवा म्हटलं, केला. पायाची बोटं हलवली. मी काचेबाहेर उभा होतो. दोन्ही हात वर गेलेले बघितले आणि तिथंच भिंतीला टेकून रडलो. मुलगी म्हणाली, "आण्णा, लोक बघायला लागलेत." बघू देत म्हटलं.

दुसरा दिवस वाईट गेला. नळ्या निघाल्या होत्या आणि ती बोलत होती, पण बोलणं डंकाचं होतं. पट्टा सुटलाय म्हणाली. मोटार बंद करा, पोराचा हात जाईल म्हणाली. तिथं मोटार नव्हती, पोरगंही नव्हतं. मला मागच्या गल्लीतला तो गृहस्थ डोळ्यांसमोर दिसायला लागला. डॉक्टरबाई आल्या, सगळं तपासलं आणि म्हणाल्या, असा गोंधळ एकदोन दिवस होऊ शकतो, हातपाय आणि चेहरा ठीक आहे, घाबरू नका. त्यांनी तिचा पलंग खिडकीकडं वळवायला लावला, चष्मा डोळ्यांवर चढवला, शेजारच्या यंत्राचा विनाकारण होणारा आवाज बारीक केला. झोपेचं औषध द्या म्हणून मी मागं लागलो होतो, त्यांनी दिलं नाही. त्यानं गोंधळ वाढतो म्हणाल्या. त्याऐवजी मुलीला जवळ बसवून घरच्या साध्या गप्पा मारायला सांगितल्या. संध्याकाळपर्यंत डंक बंद पडला.

मग आला प्रश्नांचा दिवस. नर्स केरळकडची होती, मराठी शिकत होती आणि चांगली शिकत होती. तिनं विचारलं, तुमचं नाव काय? सांगितलं. आता कुठं आहात? "कोल्हापुरात, दवाखान्यात." महिना कुठला? "फाल्गुन." नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

बायको गप्प. नर्सनं पुन्हा विचारलं. हिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि चादर ओढून तोंडाशी धरली. तिसऱ्यांदा विचारलं तरी तेच. नर्सचा चेहरा उतरला. ती धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

आणि माझी मुलगी हसायला लागली. "अवो, आई नाव घेत न्हाई आण्णांचं. कधीच घेत न्हाई." हे खरं होतं. लग्नातला उखाणा सोडला तर तिनं माझं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. घरात मी 'अवो', बाहेर मी 'आमचं सर'. एकदा बँकेत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, तर हिनं मागं रांगेत उभ्या असलेल्या शेजारणीला सांगायला लावलं होतं. सर्जनही आले आणि ऐकून मोठ्यानं हसले. "हा आजार कोल्हापुरात जुना हाय," ते नर्सला म्हणाले. "ह्याला औषध न्हाई." पण हसता हसताच त्यांनी तिचे दोन्ही हात समोर धरायला लावले, दात दाखवायला लावले, महिने उलटे म्हणायला लावले, पेन आणि घड्याळ दाखवून हे काय, ते काय विचारलं. महिन्यांत ती एकदा अडखळली, बाकी सगळं नीट सांगितलं. सगळे हसत होते. ती पण चादरीआडून हसली.

वॉर्डात आल्यावर नातेवाईक सुरू झाले. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची असते. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि विचारायचं, मला वळखलं का? कोण सांग बघू? माणूस पाय मोडून पडला असला तरी हेच विचारतात. तिचा भाऊ आजऱ्याहून जीप भरून माणसं घेऊन आला, काजूची पिशवी उशाशी ठेवली आणि वाकून म्हणाला, "अक्का, वळखलंस का मला?"

बायकोनं त्याला नीट न्याहाळलं. "न्हाई बा," ती म्हणाली. "कुठलं पावणं तुमी?"

मेव्हणा पांढराफटक पडला. तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेला आणि जिन्यात बसून हुंदके द्यायला लागला. मी त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेलो. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला, "त्या येड्याला सांगा, लहानपणी आंब्याच्या झाडावरनं पडला तवा मीच पाठीवर घिऊन घरी आणलं हुतं. वळखतीया काय इचारतंय." सगळी जीप हसली. ती गोष्ट आजऱ्यापर्यंत गेली, तिथून कबनूरला आली, आणि त्यानंतर कुणाची तिला प्रश्न विचारायची छाती झाली नाही. जो तो येऊन दोन शब्द बोलून गुमान जायला लागला. विश्रांतीच्या दृष्टीनं ते फार बरं झालं.

मी मात्र तिला कधीच काही विचारलं नाही. समजूतदारपणा म्हणून नाही. उत्तर चुकलं तर काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

घरी आलो. जखमा भरत आल्या. ती अंगणात हळूहळू फिरायला लागली. चटणीचा हंगाम सुरू झाला होता, डंक बंद होता, तरी बायका येऊन मापं विचारायच्या, कारण ती त्यांना स्वतःला माहीतच नव्हती. काहींना ती लगेच सांगायची. काहींना म्हणायची, आज दमलोय, उद्या ये. दुसऱ्या दिवशी सांगायची. मला वाटायचं, खरंच दमत असेल.

पुढच्या तपासणीला कोल्हापूरला गेलो. सर्जननी जखम बघितली, नाडी बघितली, गोळ्या बदलल्या. काही विसरायला होतंय का, असं त्यांनी विचारलं आणि ती नाही म्हणाली. बाहेर आलो. दवाखान्यासमोर चहाचा गाडा आहे, तिथल्या बाकावर बसलो. बिनसाखरेचा चहा तिनं अर्धा पिऊन खाली ठेवला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवू नगासा. त्या नर्सबाईनं नाव इचारलं न्हवं तुमचं. मी गप बसलो. ती लाज न्हवती."

"मग?"

"नाव सापडंना."

मी कप खाली ठेवला.

"तुमाला वळखलं हुतं," ती घाईघाईनं म्हणाली. "तुमी दाराशी खाकरला तवाच वळखलं. तुमी कोण, काय, सगळं ठावं हुतं. पर नावाच्या जागंला काय न्हवतंच. लई हुडकलं. पोरगी हासाय लागली, सगळी हासली, म्हणून मी बी हासलो. पर आतनं माझं पाणी पाणी झालं हुतं. म्हणलं, गेलं डोकं. आता एकेक जाणार."

"आणि भाऊ?"

"त्येला वळखलं हुतं की. पर त्येच्या मागं बाया हुत्या जीपमधल्या, त्यातल्या दोघीतिघींची नावं येत न्हवती. त्येंनी इचारलं असतं तर कळलं असतं सगळ्यांस्नी. म्हणून आधीच त्येची चेष्टा केली. मग कुणी इचारलंच न्हाई."

आम्ही सगळे जिच्या चेष्टेवर हसत होतो, ती बाई तिथं एकटी बसून स्वतःच्या डोक्याची राखण करत होती, आणि तिनं ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी दिवसरात्र होतो.

"ऊठ," मी म्हणालो. "डॉक्टरांना सांगायचं."

"आता कशाला? आलं की सगळं माघारी."

"ऊठ म्हणतो ना."

सर्जन जेवायला निघाले होते, ते परत बसले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून धीटपणे. ते मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मावशी, मला चकवलंसा. आमी सगळं सांभाळलं तरी असं थोडं धुकं काही जणांना येतं, बहुतेकांचं उतरतं. पण ते लपवायचं नसतं. बारीकसारीक असलं तरी सांगायचं, कारण त्यात कधी कधी मोठं काहीतरी असतं." त्यांनी पुन्हा सगळी परीक्षा घेतली, डॉक्टरबाईंनाही बोलावून घेतलं. महिने उलटे झाले, शंभरातून सात वजा करत खाली जाणं झालं, जे मला नीट जमलं नसतं. शेवटी डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं डोकं तुमच्याजवळ आहे." सर्जन नुसते हसले. मला त्या दोघांच्या पाया पडायचं होतं. वयानं मोठा असल्यामुळं ते बरं दिसलं नसतं, म्हणून मी नुसते हात जोडले, आणि जोडलेलेच ठेवले.

कबनूरच्या गाडीसाठी आम्ही स्टँडवर आलो. ऊन होतं, गाडीला वेळ होता. एका खांबाच्या सावलीत तिला पिशवीवर बसवलं आणि मी शेजारी उभा राहिलो.

"कधी आलं परत?" मी विचारलं.

"वॉर्डात आल्यावर. च्या पीत हुतो सकाळी, तर आलं आपलं आपण." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "तवापास्नं रोज सकाळी, डोळं उघडायच्या आधी, एकदा मनात म्हणून बघतो. हाय का गेलं ते. हाय म्हणलं की मग उठतो."

या बाईनं रोज सकाळी दिवसाची सुरुवात माझ्या नावानं केली होती आणि मी शेजारीच घोरत पडलो होतो.

"आज म्हणलीस?"

"म्हणलं की."

"मनात कशाला? मोठ्यानं म्हण."

तिनं इकडं तिकडं बघितलं. आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कंडक्टर कुठल्या कुठल्या गावांची नावं ओरडत होता. तिनं पदर सावरला, माझ्याकडं वर बघितलं आणि माझं नाव घेतलं. बारीक आवाजात, पण स्पष्ट, एकही अक्षर न गाळता.

मी ओ दिली.